परत गेले होते, दोनदा

सोनटक्का (१४ जून, रात्री ११:२०)

हा आयडी नवा आहे. जुन्या आयडीने मी इथेच ब्लाउज कटिंगच्या आणि लोणच्यांच्या धाग्यांवर असते. लिहिण्याच्या ढबीवरून कुणी ओळखलं तर कृपा करून गप्प बसा.

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नात्यातल्या एका पोरीचा विषय निघाला. नवऱ्याने मारलं म्हणून एप्रिलमध्ये माहेरी आली होती, आता परत गेली. एकाने लिहिलं, "म्हणजे तेवढं काही नसणार." दुसरीने लिहिलं, "काही जणींना सवयच असते." खाली हसरे चेहरे. मी फोन पालथा ठेवला आणि हेमिंग करत बसले. मग वाटलं, दोनदा परत गेलेली बाई मी आहे. मी नाही सांगणार तर कोण सांगणार?

लग्न २०१२ साली. मी सातारा जिल्ह्यातली, तो पिंपरी-चिंचवडचा, चाकणला कंपनीत, तीन पाळ्या. बाहेर एकदम शांत माणूस. सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीचा हिशोब विश्वासाने त्याच्याकडे असायचा. पहिली चपराक पाचव्या महिन्यात, भाजीत केस निघाला म्हणून. मारून झालं की तासाभराने स्वतः उठून आलं किसायचा, चहा करायचा आणि माझ्यासमोर आणून ठेवायचा. हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मार दहा मिनिटांत संपायचा. त्याआधीचे दोन-तीन आठवडे आज होईल की उद्या, या धास्तीत जायचे. आणि चहानंतरचे आठ-दहा दिवस इतके गोड असायचे की मला वाटायचं, खरा माणूस हाच, तो मधला कुणीतरी दुसरा.

पहिल्यांदा निघाले २०१४ मध्ये. मुलगी अकरा महिन्यांची. तिची दुधाची बाटली, दोन झबली, लंगोटांचं गाठोडं घेतलं, स्वतःचं काहीच नाही. माहेरी आई-वडील, भाऊ, वहिनी, त्यांची दोन पोरं. घर दोन खोल्या आणि पडवी. कुणी वाकडं बोललं नाही. विसेक दिवसांनी वहिनी गॅसची टाकी हलवून बघत म्हणाली, "या वेळी लवकर संपली की." बस, एवढंच. टोमणा नव्हता. पोरीचं दूध, पोरीचं अंघोळीचं पाणी, टाकी संपणारच. पण त्या रात्री मी पडवीत बोटं मोजत बसले, माझ्यामुळे किती दिवस आधी संपली म्हणून. त्याच आठवड्यात तो चार जणांना घेऊन आला. बैठक झाली. पुन्हा हात लावणार नाही असा शब्द त्याने वडीलधाऱ्यांना दिला, मला नाही. मला कुणी काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी जाते असंच म्हटलं असतं. टाकीमुळे.

दुसऱ्यांदा जानेवारी २०२० ला. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाणार होती. दोन महिने राहिले. गावातल्या शाळेत चौकशीला गेले तर म्हणाले जन्मदाखला आणा, आधार आणा. दोन्ही त्याच्या कपाटात. दाखल्यासाठी फोन केला तर फोनवर ढसाढसा रडला. होळी झाल्यावर आला. "पाडव्याची गुढी आपल्या घरात उभारू." मुलगी धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडली. लेकराला बाप हवाच असतो, आणि तिला त्याने कधी बोट लावलं नव्हतं. मी गेले. त्या वर्षी पाडवा २५ मार्चला होता आणि लॉकडाऊनचा पहिला दिवसही तोच. गुढीला साखरेची गाठी बांधली आणि दार लागलं ते लागलंच. त्या घरात मला मोकळा श्वास मिळायचा तो त्याच्या पाळीच्या आठ तासांत. कंपनी बंद, म्हणजे तेही गेले. मुलगा त्या काळातला आहे. त्याबद्दल याहून जास्त लिहिणार नाही.

आवाज चढला की मुलगी टीव्हीचा आवाज वाढवायची. स्क्रीनवर आकडा दिसतो ना, तो ४२ पर्यंत न्यायची. पुढे भावाला मांडीवर घेऊन, कार्टून लावून ४२. एकदा शेजारचे दार वाजवून सांगून गेले, टीव्ही जरा हळू लावा. टीव्ही, बरं का.

तिसऱ्यांदा निघाले २० जून २०२३ ला, त्यानंतर गेले नाही. ते कसं जमलं ते उद्या लिहिते. लग्नाचे चार ब्लाउज द्यायचेत.


वांगीभात (१४ जून, रात्री ११:४८)

ताई, वाचलं. काही बोलायला सुचत नाहीये. शेजारचं वाक्य वाचून आमच्या वरच्या मजल्यावरचा मिक्सर आठवला. रात्री साडेअकराला मिक्सर कोण लावतं, असं आम्ही हसत म्हणायचो.


कट्टेकरी (१५ जून, सकाळी ८:०५)

लेखन प्रामाणिक वाटलं. पण एक शंका, राग मानू नये. इतका त्रास होता तर दुसऱ्यांदा माणूस जाईल का? एकदा चूक समजू शकतो. शिवाय दुसरी बाजू आपल्यासमोर नाही. कायद्यांचा गैरवापर होतो हेही खरं आहे, माझ्या मित्राचं उदाहरण डोळ्यासमोर आहे.


वांगीभात (१५ जून, सकाळी ८:३१)

भाजीतल्या केसाची दुसरी बाजू ऐकायची आहे का, कट्टेकरी?


काळाकोट (१५ जून, सकाळी ९:१०)

कट्टेकरी, तुमची शंका मी कोर्टात समोरच्या वकिलाच्या तोंडून दर महिन्याला ऐकतो. "मग परत का गेलात, बाई?" साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बाईची मान खाली जाते आणि त्याला वाटतं आपण जिंकलो.

कायदा मात्र इतका भोळा नाही. घटस्फोटाच्या कायद्यात माफी देण्याचा मुद्दा आहे; छळ माफ केला असेल तर त्या आधारावर घटस्फोट अडतो. पण १९७५ च्या दास्ताने विरुद्ध दास्ताने निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशी माफी सशर्त असते, पुन्हा तसंच वागलं तर जुनं सगळं परत उभं राहतं. गंमत म्हणजे त्या खटल्यात छळाची तक्रार नवऱ्याची होती. तेव्हा तुमच्या मित्रालाही हा निकाल उपयोगी पडू शकतो, घेऊन जा.

आणि आकडे हवे असतील तर २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण काढून बघा. महाराष्ट्रात १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या दर चार बायकांत एकीने नवऱ्याकडून हिंसा सोसलेली आहे. देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणींनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. गैरवापर करायला आधी वापर तर झाला पाहिजे.


सुमाकाकू (१५ जून, दुपारी २:२२)

सोनटक्का, तू दोनदा परत गेलीस. मी तर निघालेच नाही, म्हणून परत जायचा प्रश्न आला नाही.

आमचं लग्न १९७९ चं. सदाशिव पेठेत वाडा, एकत्र कुटुंब. आमचे हे मारायचे नाहीत, जेवणाचं ताट भिरकावायचे. वरण भिंतीवर. मग मी भिंत पुसायची. १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या नवविवाहितेच्या संशयास्पद मृत्यूचं प्रकरण गाजलं. पुढे सर्वोच्च न्यायालयात आरोपी नवरा सुटला, पण तेव्हा गावात दुसरा विषय नव्हता. नारी समता मंचाच्या बायकांनी प्रदर्शन भरवलं होतं. मी भाजीची पिशवी घेऊन बघायला गेले आणि दारातून परत आले, कुणी ओळखीचं बघेल म्हणून. त्याच्या पुढच्याच वर्षी सासरच्या छळाविरुद्धचं ४९८अ कलम कायद्यात आलं. पेपरात वाचलं आणि तोच पेपर रद्दीत घातला.

हे जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा मला विचारतो, आई तू का सहन केलंस? त्याला काय सांगू? तुझी फी, तुझी मुंज, तुझी दहावी. प्रत्येक वर्षी काहीतरी होतंच. तुझी पोरगी टीव्ही मोठा करायची, माझा मुलगा संध्याकाळची पाढे-श्लोकांची पर्वचा मोठ्याने म्हणायचा.


फळाखडू (१५ जून, दुपारी ४:४०)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, म्हणून फक्त दाखल्याबद्दल लिहिते. शिक्षणाच्या हक्काच्या कायद्यानुसार (२००९ चा) वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला हेही कारण चालत नाही. आधी मूल वर्गात बसवायचं, कागद मागाहून. आम्ही ऊसतोडीहून आलेल्या मुलांना असंच बसवतो. आणि जन्मदाखला बापाच्या कपाटात अडकलेला असला तरी नोंद महापालिकेत असते, आई अर्ज करून दुसरी प्रत काढू शकते.

कळवायचं एवढ्यासाठी की शाळेतल्या बाबूने "दाखला आणा" म्हटलं की बाया माघारी फिरतात, आणि काही जणी थेट सासरपर्यंत.


सोनटक्का (१५ जून, संध्याकाळी ६:१५)

फळाखडूताई, तुमचं वाचून मशीन बंद केलं आणि दहा मिनिटं तशीच बसले. म्हणजे २०२० मध्ये पहिलीच्या प्रवेशासाठी मला तो फोन करायची गरजच नव्हती.

शाळेचं नाव घेत नाही, त्यांनाही माहीत नसेल. पण मी नुसत्या दाखल्यासाठी गेले असंही नाही हं. तो फोन करायला मला निमित्त हवं होतं, हे खरं आहे. दोन महिन्यांत मला तो चहा आठवायचा.


चौकीवरची (१५ जून, रात्री ९:०२)

पोलीस ठाण्याच्या आवारात बायकांसाठीचे कक्ष असतात, तिथे मी समुपदेशनाचं काम करते. मुंबईत १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलिसांबरोबर पहिला विशेष कक्ष सुरू केला, मग ते राज्यभर झाले. पोलीस ठाण्यात असलो तरी आम्ही पोलीस नाही. त्यामुळे बाईने आमच्याकडे येणं म्हणजे नवऱ्यावर केस टाकणं नव्हे, फक्त बोलायलाही येता येतं.

नोकरीला लागले तेव्हा बाई परत गेली की मला राग यायचा. इतकी धावपळ केली, अर्ज लिहिले, आणि ही गेली! माझ्या वरिष्ठ बाईंनी मला एकदा रजिस्टर दाखवलं. एकाच बाईच्या चार नोंदी, आठ वर्षांत. पहिल्या वेळी ती नुसती रडली होती. दुसऱ्या वेळी लेकरं घेऊन आली. तिसऱ्या वेळी दवाखान्याचे कागद घेऊन आली. चौथ्या वेळी नोकरी लागल्याचं सांगायला आली. तेव्हापासून मी "का गेलीस" विचारत नाही. "मागच्या वेळी काय राहून गेलं होतं?" असं विचारते.

परत जायचंच ठरवलं असेल तर काही गोष्टी करून जा. कागदांच्या प्रती बाहेर कुणाकडे तरी ठेवा. एका शेजारणीशी शब्द ठरवा. आमच्या एकीचा शब्द होता "धने आहेत का?" एवढा मेसेज आला की शेजारणीने ११२ लावायचा. मारहाण झाल्यावर सरकारी दवाखान्यात गेलात तर "पडले" म्हणू नका. डॉक्टर कागदावर जे लिहितात ते वर्षांनंतरही उपयोगी पडतं. आणि निघायच्या दिवशी सांगून, भांडून, ऐकवून निघू नका. बाई हातची जातेय असं दिसतं त्या वेळी सगळ्यात जास्त मार बसतो. निघून गेल्यावरचे काही आठवडेही सांभाळायचे.

महिलांसाठी १८१ नंबर आहे, लेकरांसाठी १०९८.


हडसनकाठी (१५ जून, रात्री ११:५५)

न्यू जर्सीहून. मी तिसऱ्या आठवड्यात परत गेले होते, माहेरी नाही, मैत्रिणीच्या बेसमेंटमधून. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, काम करायची परवानगी नाही, बँकेत माझं नाव नाही. मुलगी घेऊन सरळ भारतात जा, असं सगळे सांगतात. पण लेकरांना परदेशातून परत पाठवण्याचा जो १९८० चा हेग करार आहे त्यात भारत नाही. त्यामुळे बापाच्या संमतीवाचून घेऊन आलं तर इथल्या कोर्टाच्या लेखी आईच पळवून नेणारी ठरू शकते, आणि मग दोन देशांत दोन खटले. इथल्या कुणी वाचत असेल तर आधी वकील, मग विमान. सध्या एवढंच, बाकी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.


सोनटक्का (१६ जून, दुपारी १:३०)

ब्लाउज दिले. आता लिहिते.

तिसऱ्या वेळी मी भांडणाच्या दिवशी निघालेच नाही. दोन्ही वेळा मी मार खाऊन, रडत, रात्री निघाले होते. तशा अवस्थेत माणूस फक्त दारापर्यंतचा विचार करतो.

मुलगा महिन्याचा झाला तेव्हाच ठरवलं होतं. आमच्या गल्लीत पतसंस्थेचा पिग्मीवाला यायचा. समोरच्या मावशींच्या नावाने खातं काढलं, रोज तीस रुपये. त्यांच्या दारात तो यायचा, पावती त्यांच्याकडे. भाजीत दहा-वीस वाचवायचे, फॉल-पिकोचे दहा-वीस. दोन वर्षं आणि वर काही महिने. व्याजासकट चोवीस हजारांच्या आसपास जमले. मावशींनी कधी विचारलं नाही कशाला. एकदाच म्हणाल्या, "खंड पाडू नकोस."

कागदांचं सांगते. त्याची निळी फाईल होती, महिन्या-दोन महिन्यांनी उघडून बघायचा. सगळं एकदम काढलं तर कळलं असतं. मी एकेक कागद काढून नेला, रंगीत झेरॉक्स काढली, झेरॉक्स प्लास्टिकच्या पाकिटात घालून फाईलला लावली आणि अस्सल मावशींकडे. दोन्ही मुलांचे जन्मदाखले, आधार, लसीकरणाचं कार्ड, माझी दहावी-बारावीची मार्कशीट, लग्नाचं प्रमाणपत्र. दीड वर्ष लागलं. फाईल अजूनही त्याच्याकडेच आहे, सगळी रंगीत.

२० जून, मंगळवार. त्याची पहिली पाळी, कंपनीची बस पहाटे गेली. पालख्या पुण्यातून पुढे गेल्या होत्या. मुलीला शाळेचा गणवेश घालूनच बाहेर काढलं, कुणी बघितलं तर शाळेत निघालो असं वाटावं म्हणून. तिच्या दप्तरात पुस्तकांऐवजी भावाचे कपडे. वल्लभनगरच्या स्टँडवर सातारा गाडी लागली होती. मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, मुलीचंही अर्धंच, मुलगा फुकट. कंडक्टरने आधार मागितलं आणि मी मावशींच्या पिशवीतून अस्सल आधार काढून दाखवलं. हसू नका, पण त्या क्षणी मला फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं.

सगळ्यात मोठी मदत कुणाची झाली माहितीये? वहिनीची. तीच टाकीवाली. मे महिन्यात तिला फोनवर म्हटलं, मी जूनमध्ये येईन. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "इथं नका येऊ. इथं आलात तर परत जाल." मला राग आला. आठ दिवसांनी तिचा फोन, साताऱ्यात खोली बघून ठेवलीय, तिच्या मावसबहिणीच्या वाड्यात, अनामत नको, भाडं दोन महिन्यांनी दिलं तरी चालेल. आणि तिची स्वतःची शिलाई मशीन टेम्पोत घालून पाठवून दिली. नऊ वर्षं तिलाही ती टाकी आठवत होती, हे तिने नंतर सांगितलं.


वांगीभात (१६ जून, दुपारी १:५२)

वहिनींना नमस्कार सांगा. आणि मावशींनाही.


कट्टेकरी (१६ जून, दुपारी ३:१५)

वरचा प्रतिसाद मी घाईत दिला होता. मित्राचं उदाहरण इथे आणायला नको होतं. एक विचारतो, चौकशी म्हणून घ्या, आडवं बोलतोय असं नाही. पोलिसांकडे का गेला नाहीत?


सोनटक्का (१६ जून, दुपारी ३:४०)

गेले होते. म्हणजे लॉकडाऊनमध्ये फोन केला होता. दोघं आले, त्याला खाली बोलावलं, समजूत काढली, मला म्हणाले सध्या सगळ्यांचीच डोकी फिरलीत ताई, सांभाळून घ्या. एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहिली. त्याची प्रत मिळाली तीच पुढे उपयोगी पडली, त्यामुळे त्यांनाही नावं ठेवत नाही. पण त्या रात्री तो वर आला तेव्हा काय झालं ते त्यांना माहीत नाही.


काळाकोट (१६ जून, संध्याकाळी ५:२०)

ताई, वाचणाऱ्यांसाठी चार गोष्टी जोडतो, तुमच्या धाग्यात घुसतोय याची क्षमा.

एक: २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज बाई जिथे राहते तिथल्या कोर्टात करता येतो, तात्पुरती राहत असली तरी. म्हणजे नवरा पिंपरीत आणि बाई साताऱ्यात तर अर्ज साताऱ्यात. कित्येक जणी तारखेला त्या गावी जायच्या भीतीनेच अर्ज करत नाहीत.

दुसरी, घर सासूच्या नावावर आहे म्हणून सुनेला हक्क नाही, ही समजूत २०२० च्या सतीश आहुजा निकालानंतर सोडून द्या. संसार ज्या घरात केला तिथे राहण्याचा हक्क ती मागू शकते, घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी. तिसरी, बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, नाहीतर १५१०० लावा. चौथी, पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, असं सर्वोच्च न्यायालयानेच २०२० मध्ये ठरवून दिलंय. म्हणून अर्ज लांबवू नका.

कायद्यात लिहिलंय की अर्ज साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा. प्रयत्न हा शब्द नीट वाचा. वर्ष-दोन वर्षं धरून चाला. मात्र अंतरिम आदेश लवकर मिळू शकतो आणि तो मोडला तर नवऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आहे.


सोनटक्का (१६ जून, रात्री १०:४५)

माझं असंच झालं. अर्ज साताऱ्यात, वकीलबाई सरकारी, फुकट. दारात यायचं नाही असा आदेश अडीच महिन्यांत मिळाला. पोटगी कागदावर दर महिन्याला आहे, हातात तीन महिन्यांतून एकदा येते.

सगळं छान झालंय असं समजू नका. मुलांना भेटायला तो दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी येतो. मुलगा उड्या मारत जातो, साडेचार वर्षांचा आहे, त्याला काही आठवत नाही. मुलगी जात नाही. जिन्यात उभी राहते, भावाला सोडते, तो येईपर्यंत तिथेच पुस्तक घेऊन बसते. मी तिला जा म्हणत नाही, नको जाऊस असंही म्हणत नाही. काय म्हणायला हवं ते चौकीवरचीताईंना विचारायचंय, व्यनि करते.

आणि पाऊस आला की मला अजून त्याच्या हातचा चहा आठवतो. आधी याची लाज वाटायची. आता स्वतः आलं किसते. त्याच्यासारखा होत नाही, हे खरं सांगते.

कुणीतरी विचारलंय, टीव्हीचं काय? टीव्ही अजून घेतला नाही. वाड्याच्या मालकीणबाईंकडे आहे, मुलगी तिथे जाऊन बघते. त्या म्हणतात, हिला ऐकू येतं का गं, इतका बारीक ठेवते.


सुमाकाकू (१७ जून, सकाळी ७:३०)

काल रात्री मुलाला हा धागा पाठवला. आयडी माझाच आहे म्हणून सांगितलं. त्याने सकाळी फक्त विचारलं, "पर्वचा मी मोठ्याने म्हणायचो, ते तुला कळायचं?"


चौकीवरची (१७ जून, सकाळी १०:१२)

सोनटक्का, व्यनि मिळाला. रविवारी सविस्तर लिहिते. तोवर एवढंच, जिन्यात ती तिच्या मर्जीने बसतेय, बसू द्या.


नवीन सदस्य ४ (१७ जून, दुपारी १२:५०)

ताई मी वाचते फक्त, कधी लिहिलं नाही. मागच्या बुधवारी परत आले. रंगीत झेरॉक्सला किती घेतात?


सोनटक्का (१७ जून, दुपारी १२:५८)

मी करायचे तेव्हा पानाला दहा होते, आता वाढले असतील. एका वेळी एकच कागद न्या, भाजीच्या पिशवीत, फाईलमधून काढल्यापासून तासाभरात परत लागला पाहिजे. आधी मुलांचे जन्मदाखले, मग तुमचं आधार. दुकान जरा लांबचं बघा, घराजवळचा ओळखीचा नको. फोनमध्ये हा धागा उघडला असेल तर हिस्टरी पुसा. व्यनि केलाय, तोही वाचून पुसा.